बाटलीतला चिंधीचा बोळा

"जरा हलवा ना ती बाटली, ताई," कानांवर हेडफोन चढवलेला टीव्हीचा आवाजवाला म्हणाला.

नोसाखेलेने गोळ्यांची पांढरी बाटली उचलून हलवली. काहीच वाजलं नाही.

"रिकामी आहे का?"

"भरलेली आहे. पण वाजायची नाही. आत बोळा आहे."

तिने झाकण काढून दाखवलं. गोळ्यांवर लाल चिंधीचा बोळा घट्ट कोंबलेला होता. दवाखान्यातून निघताना न्यू ब्रायटनची अर्धी वस्ती हेच करते. छोट्या बससारख्या टॅक्सीत पंधरा माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली असतात, गाडी खड्ड्यात आदळली की पिशवीतली बाटली खुळखुळते, आणि ती एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणी कापूस कोंबतं, कुणी कागद. नोसाखेलेकडे चिंध्यांना तोटा नव्हता. शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात तिची तीस वर्षं गेली होती.

"मग बोळा काढा की," आवाजवाला म्हणाला. "आम्हाला तो खुळखुळाट हवाय. कार्यक्रमात फार छान लागतो."

नोसाखेलेने त्याच्याकडे पाहिलं, मग जोहान्सबर्गहून कार्यक्रम करायला आलेल्या केफिलवेकडे. केफिलवे गोड हसली. या बयेचं हसू नोसाखेलेला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. तीन वेळा आली, तिन्ही वेळा केक घेऊन आली. आणि पहिल्याच भेटीत तिने नोसाखेलेला कुळाच्या नावाने, 'माडलोमो' म्हणून हाक मारली. शेजारणी पाघळल्या. केवढे संस्कार, म्हणाल्या. नोसाखेलेच्या मनात मात्र पाल चुकचुकली. जोहान्सबर्गच्या पोरीला माझं कूळ कुणी सांगितलं? आधी कुणाकुणाकडे चौकशा करून आली ही?

"तुम्हाला मी हवी आहे की खुळखुळा?" नोसाखेले म्हणाली.

"दोन्ही," आवाजवाला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

खिडकीतून नोबांटूने डोकावलं. ती मुद्दाम अंगणात कपडे वाळत घालत बसली होती, चार कपडे तासभर. "अगं, हलव एकदाची," ती म्हणाली. "ते गेल्याशिवाय मला चूल मोकळी व्हायची नाही."

नोबांटू आणि नोसाखेले सतरा वर्षं एका घरात राहत होत्या. गल्लीला त्या मावसबहिणी म्हणून ठाऊक होत्या. म्हणजे गल्लीला सगळं ठाऊक होतं, पण मावसबहिणी म्हटलं की सगळ्यांची सोय होत होती. नोबांटूला आजार नव्हता. शाळेच्या मुदपाकखान्यात ती दीडशे पोरांचं जेवण रांधायची आणि गुरुवारी लाल ब्लाऊज, पांढरी कॉलर घालून चर्चच्या बायकांच्या मेळ्याला, मान्यानोला जायची. त्या ब्लाऊजला ती जिवापाड जपायची. असल्या बाईने टीव्हीवाल्यांना घरात घेऊ नये हे शहाणपणाचं. पण नोसाखेलेने त्यांना घेतलं, कारण तिला एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यासाठी ती नऊ वर्षं थांबली होती.

तिने बोळा काढला. बाटली हलवली. आवाजवाल्याने डोळे मिटून अंगठा वर केला.

नऊ वर्षांपूर्वी असाच एक पेपरवाला आला होता. तोही असाच लाघवी. चेहरा दाखवणार नाही म्हणाला, तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं, आणि फोटोत ती कोळशासारखी काळी आली. शब्द पाळला त्याने. पण यंत्राच्या हातचाकावर ठेवलेला तिचा डावा हात लख्ख उजेडात आला. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात त्या हाताचं मधलं बोट पेराशी तुटलं होतं. न्यू ब्रायटनमधल्या एकूण एक शिवणयंत्रावरून तो हात फिरलेला. बायकांनी पेपर उघडला आणि म्हणाल्या, अगंबाई, ही तर आपली नोसाखेले!

आणि वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, की बाईवर प्रेम करते म्हणून या बाईवर तिच्याच गल्लीतल्या पुरुषाने अत्याचार केला आणि तिला रोग दिला.

गल्लीतला एकच पुरुष तिच्या घरी येत-जात होता. थेंबिले. सुतार. तरुणपणी दोघांच्या घरच्यांनी वधूमूल्याच्या गाई ठरवून त्यांचं लग्न लावलं होतं. तीन वर्षांनी ते आपसांत मोडलं, पण दर रविवारी तो जेवायला यायचा, नोबांटूच्या हातच्या मक्या-घेवड्याला नावं ठेवायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. पेपर आला त्या शनिवारी गल्लीतल्या तरण्यांनी त्याला कामाच्या खोपटातून ओढून काढलं. त्याच्याच फळ्यांनी त्याला मारलं. खोपट पेटवलं. त्याच रात्री तो गाव सोडून किनाऱ्याकडच्या एका गावी गेला आणि चार वर्षांनी तिकडेच वारला.

आणि नोसाखेले? तिने काही खोटं सांगितलं नव्हतं. पेपरवाल्याने विचारलं, थेंबिलेने बळजबरी केली? ती नाही म्हणाली. त्याने विचारलं, मग तुम्हाला तो हवा होता? ती म्हणाली, मला कुणी विचारलंच नव्हतं. एवढ्यावर त्याने काय ते रचलं. पण छापून आल्यावर ती गप्प राहिली, हे मात्र खरं. कारण दुसऱ्याच दिवशी ज्या बायका तिला दारात उभं करत नव्हत्या त्या भांडी भरभरून जेवण घेऊन आल्या. अत्याचार झालेली बाई त्यांना चालत होती. नुसतीच आजारी, नुसतीच बाईवर जीव लावणारी बाई चालत नव्हती. तिने ते जेवण खाल्लं. चांगलं आठवडाभर खाल्लं. ती चव अजून तिच्या तोंडातून गेली नव्हती.

थेंबिलेची आई, माभेले, अजून गल्लीच्या टोकाला राहते. एक्याऐंशी वर्षांची. नऊ वर्षांत तिने नोसाखेलेला यंत्राला हात लावू दिला नव्हता, की हाकेला ओ दिली नव्हती. दर वर्षी ईस्टरच्या आधी चर्चमध्ये मयत माणसांची नावं वाचतात. थेंबिलेचं नाव त्या यादीत नव्हतं. माभेले दर वर्षी पहिल्या बाकावर बसून सगळी यादी ऐकायची, आणि यादी संपली की उठून घरी जायची.

"तर," केफिलवे समोर बसत म्हणाली, "सुरुवात थेंबिलेपासून करू या. तुम्हाला तो नको होता."

"मला कुठलाच पुरुष नको होता. म्हणून तो वाईट होतो का? त्यालाही मी कुठे हवी होते! आम्ही दोघं मान खाली घालून बसलो होतो. पुढे मी त्याला खरं सांगितलं, तर म्हणाला, मला वाटलंच होतं, आता निदान चहा तरी बरा कर."

केफिलवे हसली नाही. "पण आजार त्याच्यापासूनच आला."

"माझ्यापासून त्याला गेला असेल. त्याच्याआधी माझी एक मैत्रीण होती, लुलामा. लुलामाचं त्याआधी लग्न झालेलं. तेव्हा तपासत होतं कोण? कुणाकडून कुणाला गेलं ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही."

"लुलामाचं नको," केफिलवे घाईने म्हणाली. "बायकाबायकांत हे होतच नाही असं लोकांना वाटतं. उगाच गोंधळ होईल."

"मग गोंधळ होऊ दे की! त्यासाठीच बसलेय ना मी?"

केफिलवेने कॅमेरावाल्याकडे पाहिलं. नोसाखेलेने ते पाहणं पाहिलं. यांच्याकडे दोनच डबे आहेत, तिच्या मनात आलं. एकात लिहिलंय, असल्या बायकांना हा रोग होत नाही. दुसऱ्यात लिहिलंय, झाला तर अत्याचारानेच होतो. मी कुठल्या डब्यात मावते तेवढंच ही बघतेय.

"आपलं काय ठरलंय?" ती म्हणाली.

"चेहरा दाखवायचा आणि ते वाक्य पूर्ण घ्यायचं. ठरलंय, माडलोमो. शब्द आहे माझा."

मग नोसाखेलेने दोन्ही हात मांडीवर ठेवले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थेंबिलेने माझ्यावर बळजबरी केली नाही. कधीच नाही. पेपरात आलं ते खोटं होतं. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. मला भीती वाटली. त्याची आई माभेले, मला माफ कर."

अंगणात नोबांटूचा हात दोरीवर तसाच राहिला होता.

"छान," केफिलवे म्हणाली. "शेवटचं पुन्हा एकदा घेऊ या? जरा सावकाश. 'मी गप्प बसले' इथून."

"इथूनच का?"

"आवाज जरा हलला होता म्हणून."

नोसाखेलेने पुन्हा म्हटलं. पण मनातली पाल काही गप्प बसेना. मंडळी गेल्यावर नोबांटू म्हणाली, "तुला सगळ्यांचाच संशय येतो. मी मीठ जास्त टाकलं तरी तुला वाटतं मुद्दाम टाकलं."

"मुद्दामच टाकतेस तू."

"होय की, पण ते वेगळं."

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला होता. नोबांटूने मान्यानोमधून माभेलेच्या कानावर घातलं, की बाई, टीव्ही लावा, थेंबिलेबद्दल काही चांगलं येणार आहे. म्हातारीने हो-नाही काही केलं नाही. पण रविवारी तिच्या घरात पाच-सहा बायका जमल्याचं नोबांटूने दारातूनच पाहिलं.

कार्यक्रमात नोसाखेले काळी आली. पुन्हा कोळसा! खाली अक्षरं आली, की तिच्या सुरक्षेसाठी चेहरा झाकला आहे. मग खुळखुळाट झाला, चांगला मोठा, आणि बाटली धरलेल्या हाताचं तुटकं बोट अख्ख्या पडद्यावर. मग केफिलवेचा भरल्या गळ्याचा आवाज, या भागात बायकांवर काय काय होतं ते सांगणारा. त्यातलं बरंचसं खरंही होतं. अशा बायका नोसाखेलेच्या ओळखीच्या होत्या, एकीच्या मयताला ती गेली होती. पण ती त्यांच्यातली नव्हती. आणि त्याच्या पाठोपाठ तिचा स्वतःचा आवाज आला, अगदी सावकाश.

"मी गप्प बसले. मला भीती वाटली."

बस. पुढे साबणाची जाहिरात.

नोबांटूने टीव्ही बंद केला. "आता म्हातारी काय म्हणेल गं?" ती म्हणाली. मग तोंडाला पदर लावावा तसा तिने ओट्यावरचा टॉवेल तोंडाला लावला.

सोमवारी नोसाखेलेने फोन केला. केफिलवे म्हणाली, वरच्यांनी कापलं, मेलेल्या माणसाचं नाव घेता येत नाही, वकील अडवतात, मला फार वाईट वाटतंय. "मग माझा चेहरा? मी तर जिवंत आहे ना?" नोसाखेले म्हणाली. तिकडून केफिलवे सांगू लागली, की लोकांचे किती फोन आले, किती जण रडले. नोसाखेलेने फोन ठेवला. तिच्या तोंडाला पानं पुसली होती, आणि तीही तिच्याच आवाजाने. मंगळवारी शेजारीण मक्याचा हलवा घेऊन आली, बिचारी गं माझी म्हणाली. नोसाखेलेने भांडं तसंच परत दिलं. "मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. शेजारणीला वाटलं, धक्का बसलाय.

गुरुवारी नोबांटू लाल ब्लाऊजला इस्त्री करत होती. माभेलेचे गुडघे धरले होते म्हणून मेळा तिच्याच घरी भरणार होता. नोसाखेलेने हत्यारांची पेटी उचलली.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर."

नोबांटूने इस्त्री उभी केली. "तुला तिथे बोलायचंय."

"हो."

"मग माझा ब्लाऊज गेला. मेळ्यातून काढतील मला."

"नको म्हणालीस तर नाही जात."

नोबांटूने कॉलरीचं टोक बोटाने सारखं केलं. "नको म्हणून चालेल का मला?" ती चिडून म्हणाली. "थेंबिले माझ्या हातचं आठ वर्षं जेवला. चल. पण माझ्या शेजारी बसू नकोस."

माभेलेच्या खोलीत चौदा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. लाल ब्लाऊज, काळे घागरे. कोपऱ्यात शिवणयंत्र, त्यावर फुलांचं कापड नऊ वर्षं टाकलेलं. नोसाखेले दाराशी उभी राहिली. लाल ब्लाऊज नसलेली बाई आत आली की सगळ्यांचे डोळे फिरतात, तसे फिरले. माभेलेने मान वळवली नाही.

मान्यानोची एक रीत आहे. ज्या बाईला बोलायचं ती उठते आणि बोलते; नवऱ्याचं, पोरांचं, गुडघ्याचं. तिला कुणी गप्प बस म्हणत नाही. ते वाईट दिसतं. पण बोलणं फार लांबलं किंवा नको तिकडे वळलं, की एक जण गाणं सुरू करते. बाकीच्या साथ धरतात, गाण्यांच्या पुस्तकांवर थापा पडतात, आणि बोलणारी आपोआप खाली बसते. गाणं सुरू करण्याचा मान फुमेझाचा. ही फुमेझा शाखेची प्रमुख, तिचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो.

एक बाई सुनेचं सांगून खाली बसली आणि नोसाखेले बोलू लागली.

"मी नोसाखेले. तुम्ही रविवारी मला टीव्हीवर पाहिलंत. तिथे मी जे म्हटलं ते त्यांनी कापलं. ते मी सांगायला आलेय. थेंबिलेने मला—"

फुमेझाने गाणं सुरू केलं.

साथ लगेच आली. थापा पडू लागल्या. नोसाखेले आवाज चढवून बोलत राहिली, "मला कुणी काही केलेलं नाही, मी नोबांटूबरोबर राहते, मावसबहीण नाही माझी ती," पण चौदा गळ्यांपुढे एक गळा काय करणार! तिने नोबांटूकडे पाहिलं. नोबांटू जमिनीकडे बघत होती आणि तिचेही ओठ हलत होते. गात होती ती. जोहान्सबर्गच्यांनी कात्रीने कापलं, इथे देवाच्या गाण्याने कापतायत, तिला वाटलं, आणि आता खाली बसण्यावाचून काही उरलं नाही.

तेव्हा काठीचा ठोका ऐकू आला. एकदा, दोनदा. माभेले काठी जमिनीवर आपटत होती, आणि ते तालात नव्हतं. पुढच्या बायका आधी थांबल्या, मग मागच्या. फुमेझा सर्वांत शेवटी.

"मला ऐकू येत नाहीये," माभेले म्हणाली. "माझ्या पोराचं नाव घेतलं ना तिने? नऊ वर्षांनी या घरात कुणी त्याचं नाव घेतलंय. आणि तुम्ही गाताय?"

"माभेले, ही बाई—" फुमेझा म्हणाली.

"तू खाली बस गं. बोल, माडलोमो."

मग नोसाखेले बोलली. सगळं बोलली. पेपर, ते आठवडाभर खाल्लेलं जेवण, त्यातली दोन भांडी फुमेझाच्या घरची होती हेही. लुलामा, आणि कुणाकडून कुणाला ते माहीत नसणं. फार वेळ नाही लागला, सुनेचं सांगणाऱ्या बाईपेक्षा कमीच. शेवटी तिला रडू आलं आणि कुणी तिला धरलं नाही.

माभेले फुमेझाकडे वळली. "ईस्टरच्या यादीत लिही. थेंबिले. आत्ता लिही, माझ्या देखत."

फुमेझाने पर्समधून यादीची वही आणि पेन काढलं. एकेक अक्षर काढत तिने लिहिलं.

बायका चहा न घेता गेल्या. नोबांटूने निघताना मानेवरची पांढरी कॉलर स्वतःच काढली, घडी घातली आणि फुमेझाच्या हातात दिली. फुमेझाने मागितली नव्हती, पण घेतली. दारात नोबांटू नोसाखेलेला म्हणाली, "मी गात होते. जन्मभराची सवय. मला कळलंच नाही." मग ती घरी चूल पेटवायला गेली.

खोलीत दोघीच राहिल्या. माभेलेने काठीने यंत्राकडे दाखवलं. "पट्टा गेलाय. आणि खालून करकरतं."

नोसाखेलेने फुलांचं कापड काढलं. गंज होता, पण मुळात यंत्र भक्कम. तिने पट्टा बदलला, शटल पुसलं, तेलाचे थेंब सोडले. बॉबिन शोधायला तिने खण ओढला. खणात सुया, खडू, रिळं, आणि एका कडेला पांढरी बाटली. तशीच, तिच्या पिशवीतल्यासारखी.

"ती त्याच्या सामानात आली," माभेले म्हणाली. "कसली ते ठाऊक नाही. हलवून बघितली, वाजली नाही. रिकामी आहे म्हणून ठेवली, बटणं घालीन म्हटलं. मग राहूनच गेलं."

नोसाखेलेला झाकण उघडायला वेळ लागला. आत निळ्या चिंधीचा बोळा होता. सुताराच्या जुन्या डगल्याची चिंधी, तिने ती ओळखली. तिने तो बोळा ओढून काढला आणि बाटली म्हातारीच्या हातात दिली.

"याच गोळ्या मी घेते," ती म्हणाली. "तोही घेत होता. त्यालाही होतं, माभेले. कुणाला कळू नये म्हणून बोळा कोंबतो आम्ही."

माभेलेने बाटली एकदा तळहातावर तोलून पाहिली. मग कानाशी नेली आणि हळूच हलवली. पुन्हा हलवली. नोसाखेले यंत्रात दोरा ओवत राहिली, आणि म्हातारी कितीतरी वेळ तो आवाज ऐकत बसली.